भुशाला भुशाचीच भिंत

चैतराम कटरेंच्या मुलीचं साक्षगंध आणि आमच्या मिलचा बेंड फुटणं, दोन्ही एकाच दुपारी आलं.

दवनीवाड्याच्या रस्त्यावर आमची राईस मिल, आणि मिलच्या कुंपणाला लागून चैतरामभाऊंचं घर. अंगणात मांडव घातलेला. पंगत नुकतीच बसलेली, पत्रावळींवर भात वाढून झालेला, वरणाची बादली फिरत होती. तेवढ्यात मिलच्या कोपऱ्यावरून पिवळा धूर निघावा तसा भुसा उडायला लागला. वारा नेमका मांडवाच्या दिशेला. मी मिलमध्ये ऑपरेटर. मनिराम बोपचे म्हटलं की आजूबाजूचे सगळे ओळखतात, आणि त्या दिवशी सगळ्यांनी माझंच नाव घेतलं.

"मनिराम! अबे बंद कर ना ते!" चैतरामभाऊ कुंपणावरून ओरडले. "पाहुणे भात खाऊन राह्यले का भुसा?"

मी आत धावलो आणि ब्लोअर बंद केला. भुसा म्हणजे धानाचं वरचं तूस. शेलरमध्ये धान सोललं की तांदूळ खाली उतरतो आणि भुसा हवेच्या जोरानं पत्र्याच्या पाइपातून उडत जातो. पाइप भिंतीला धरून आडवा जातो, मिलच्या कोपऱ्यावर वळतो आणि अंगण ओलांडून भुसाघराकडे निघतो. त्या वळणाला बेंड म्हणतात. आमचा बेंड दर पंधरा दिवसांनी फुटायचा. भुसा त्याच्या बाहेरच्या अंगाला घासत घासत जायचा, पत्रा कागदासारखा पातळ व्हायचा आणि एके दिवशी तळहाताएवढं भोक पडायचं. मग खेमराज मिस्त्री यायचे, वरून नवा पत्रा वेल्ड करायचे, आणि पुढच्या पंधरवड्यात तोही जायचा.

त्या दिवशी मिस्त्री गोंदियाला गेलेले. मी कपाळाला हात लावून बाहेर आलो, तर शिडी भिंतीला लागलेली आणि वर अल्का चढलेली.

अल्का गजभिये आमच्याकडे झाडलोटीला होती. वय पस्तिशीच्या आसपास, माहेर सालेकशाकडचं. नवरा राजदीप पेंटर. घरं रंगवायचा, दुकानांच्या पाट्या लिहायचा. मिलमध्ये भुसा झाडणं हे न संपणारं काम आहे, आणि अल्का ते गुणगुणत करायची. याहून जास्त मला तिच्याबद्दल माहीत नव्हतं. आता तिच्या खांद्यावर ओला बारदाना होता आणि हातात सायकलची जुनी ट्यूब. ट्यूब तिनं उभी चिरून तिची पट्टी केली, दुहेरी करून भोकावर ताणली, वर बारदाना गुंडाळला आणि तारेनं करकचून बांधलं.

"लावा जी चालू," ती वरून म्हणाली.

मी लावलं. भुसा थांबला. मांडवात पत्रावळी बदलल्या गेल्या, भात पुन्हा वाढला गेला. संध्याकाळी चैतरामभाऊंनी आमच्याकडे लाडवांचं ताट पाठवलं. अर्धे लाडू अल्काला द्या असा निरोपही होता.

गोष्ट तिथंच संपायची. पण महिना गेला आणि बेंड फुटला नाही.

खेमराज मिस्त्री साठीचे. चौकात त्यांचं वर्कशॉप. एक लेथ, दोन वेल्डिंग मशीन, आणि छपराखाली आजूबाजूच्या गावांतल्या मिलांचं, ट्रॅक्टरांचं, नांगरांचं मोडकं लोखंड. आमच्याकडे ते पंधरा दिवसांनी न चुकता येत. यावेळी बोलावणं आलं नाही म्हणून ते स्वतःच पाहायला आले. शिडीवर चढून त्यांनी बारदाना सोडला, ट्यूब काढली, बोटांनी चोळली आणि बराच वेळ ती उजेडात धरून पाहत राहिले.

"हे कोणं बांधलं?"

"मीनं, जी," अल्का झाडू टेकवून म्हणाली. तिला वाटलं आता बोलणी बसणार.

"रबर काऊन घेतली? पत्रा होता ना पडलेला."

"पत्र्यावर भुसा खरडत जाते जी. दर वेळेस पायतो मी. रबरावर आदळला का वापस उडते. भिंतीवर चेंडू मारल्यावानी. खरडाले त्याले जागाच भेटत नाही."

खेमराज मिस्त्री माझ्याकडे वळले. "मनिराम, मी चाळीस वर्षं झाली लोखंडच ठोकून राह्यलो. माह्या वर्कशॉपात आतापर्यंत सहा जण शिकाले येऊन गेले. एकानंही भोकाकडे पाहिलं नाही, सगळे ठिगळाकडेच पायत होते." मग अल्काला म्हणाले, "बाई, उद्यापासून वर्कशॉपात येशील का? झाडाले नाही. शिकाले."

अल्का घरी गेली. तिथं काय झालं ते तिनंच मला पुढे हसत हसत सांगितलं. तिची सासू सुशिलाबाई चुलीपाशी होती.

"लोखंडाचं काम? हात काळे होतीन, अल्के."

"आता भुशानं डोळे लाल होतेतच ना, माय."

राजदीप भिंतीला टेकून बसला होता. त्यानं आपले दोन्ही हात पुढे केले. त्या दिवशी ते हिरवे होते. "माहे तं रोज वेगळ्या रंगाचे रायते. एक जण काळा झाला तं का बिघडते?"

झालं, ठरलं.

पहिले दोन महिने मिस्त्रींनी तिच्या हातात वेल्डिंग दिलंच नाही. कानस दिली. टेबलावर तीन तुकडे ठेवले: बांधकामाचा साधा गज, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीखालच्या स्प्रिंगचा, म्हणजे कमानपट्टीचा, तुकडा आणि जुन्या बेअरिंगची कडी.

"घास. कानस चावते का नाही ते पाय. आवाज आयक."

गजावर कानस खसखसून चावली, चुरा पडला. कमानपट्टीवर ती जड गेली, आवाज बारीक झाला. बेअरिंगच्या कडीवर तर काचेवरून घसरावी तशी नुसती घसरली, वर कानशीचेच दात चमकायला लागले. जास्त कडक वस्तू कमी कडक वस्तूला ओरखडते. उलटं होत नाही. वर्कशॉपातलं निम्मं शहाणपण एवढ्यातच आहे, असं मिस्त्री सांगायचे. अल्कानं ते इतकं मनावर घेतलं की घरातली एक वस्तू सोडली नाही. उलथणं, अडकित्ता, कुलूप, कढईचा कान, सगळ्यावर कानशीची एकेक रेघ आली. राजदीपच्या सायकलच्या हँडलवर रेघ दिसली तेव्हा त्यानं कानस लपवून ठेवली.

एक कोडं मात्र तिला सुटेना. एक दिवस ती मूठभर भुसा घेऊन मिस्त्रींसमोर उभी राहिली. "हे तं बोटानं चुरा होते जी. लोखंड यानं कसं कापलं जाते?"

"घरी भांडे कायनं घासता?"

"माय भुशाच्या राखेनं घासते. चकचक निघतेत."

"मंग? राखेनं भांडं काऊन निघते?"

अल्कानं मुठीतला भुसा बोटांत चोळला आणि एकदम हसली. धानाचं रोप जमिनीतून रेतीचाच अंश शोषून घेतं आणि तुसात साठवतं. भुसा हाताला मऊ लागतो, पण त्याच्या अंगात वाळूचं, काचेचं जे द्रव्य, तेच भरलेलं असतं, आणि ते साध्या पत्र्यापेक्षा कडक. जाळल्यावर मऊपणा जातो आणि ते उरतं. एक तूस काहीच करत नाही. पण दिवसाला गाड्याच्या गाड्या भुसा वाऱ्याच्या वेगानं एकाच जागी घासत गेला की प्रत्येक तूस एकेक अदृश्य ओरखडा काढत जातं. त्या दिवशी घरी जाऊन तिनं सुशिलाबाईंना हे समजावून सांगितलं. सुशिलाबाई म्हणाल्या, "हे मले माहीतच होतं. म्हणूनच तं घासतो."

नंतर कापणी आली, आणि विळ्याचं प्रकरण झालं.

लोखंड लाल करून पाण्यात बुडवलं की कडक होतं हे अल्का शिकली होती. पाणी देणं म्हणतात त्याला. सुशिलाबाई दरवर्षी दुसऱ्यांच्या बांधीत धान कापायला जात, आणि त्यांचा विळा दुपारपर्यंत बोथट होई. धानाच्या काडीतही तीच वाळू. अल्कानं गुपचूप विळा वर्कशॉपात नेला, पातं लालभडक केलं आणि पाण्यात घातलं. कानस लावली, कानस घसरली. बेअरिंगच्या कडीसारखी! ती इतकी खूष झाली की विळा ओढणीत गुंडाळून घरी आणला.

दुसऱ्या दिवशी दुपारी सुशिलाबाई शेतातून लवकर परत आल्या. आधी पाणी प्यायल्या, मग कमरेचा विळा काढून अल्कासमोर ठेवला. दोन तुकडे होते.

"सकाळपासून मस्त कापत होता. अशी धार मी जन्मात पाहिली नाही. मंग हातातून निसटला, बांधावरच्या गोट्यावर पडला, आन झाला काचेच्या बांगडीवानी. घे. एक तुकडा तुले, एक मले."

अल्काला रडू यायच्या बेतात होतं. पण सुशिलाबाईच आधी हसायला लागल्या. अख्ख्या शेतात बायकांनी कशी थट्टा केली ते त्यांनी इतकं रंगवून सांगितलं की रडू राहूनच गेलं.

खेमराज मिस्त्रींनी तुकडे पाहिले आणि तेही हसले. "कडक वेगळं आन चिवट वेगळं, बाई. कडक केलेलं घासत नाही, पण मार खात नाही. चिवट मार खाते, पण घासते. अवजाराले दोन्ही थोडं थोडं लागते." त्यांनी तिच्याकडून नवा विळा करवून घेतला. पाणी दिल्यावर पातं घासून पांढरं केलं, मग मंद आचेवर धरलं. पात्यावर हळूहळू रंग चढत गेला, आधी फिकट पिवळा, मग गव्हाळ. "आता! काढ!" मिस्त्री ओरडले, आणि तिनं ते काढलं. या विळ्यावर कानस थोडी चावत होती. तो सुशिलाबाईंनी मुद्दाम गोट्यावर आपटून पाहिला. मग तो पूर्ण हंगाम चालला, आणि त्यांनी शेतात इतकी फुशारकी मारली की पुढच्या वर्षी अल्काकडे अकरा विळे आले.

इकडे आमचा बेंड आपल्या चालीनं फुटतच होता. ट्यूबची पट्टी एका भोकापुरती ठीक, पण बाकीचा पत्रा तर लोखंडाचाच. अल्काच्या आग्रहावरून मिस्त्रींनी एकदा सबंध बेंडला आतून रबर चिकटवलं. आठ दिवस सगळे खूष. नवव्या दिवशी चिकटवण सुटलं, रबराची गुंडाळी झाली आणि ती पाइपात बूच बसावं तशी बसली. भुसा उलटा शेलरवर आला. गजेंद्र शेठ, आमचे मालक, तेव्हा तिथंच उभे होते. त्यांचा पांढरा सदरा पिवळा झाला.

"अरे भाई," ते सदरा झटकत म्हणाले, "अगली बार लोहे का नहीं, रबर का भी नहीं, हिरे का बेंड लगा दो!"

शेठ तापट नव्हते, पण मिल थांबली की त्यांचं जेवण उतरत नसे. मिस्त्रींनी मग हार्ड रॉड वापरायचं ठरवलं. हा वेल्डिंगचा खास रॉड असतो. त्यानं पत्र्यावर जो थर चढतो त्याला कानस लागत नाही. तोवर अल्काचा हात वेल्डिंगला बसला होता. तिनं बेंडच्या बाहेरच्या अंगाला आतून बोटभर अंतरानं एकेक कडक रेघ भरली. काम इतकं सरळ झालं की मिस्त्रींनी चष्मा लावून पाहिलं आणि काही बोलले नाहीत. त्यांच्या हिशेबी ती शाबासकी.

तो बेंड पावणेदोन महिने टिकला. आम्ही पेढे आणायच्या बेतात होतो. मग तोही गेला. अल्कानं उतरवून कापून पाहिला. कडक रेघा जशाच्या तशा होत्या, कंगव्याच्या दातांसारख्या उभ्या. मधला साधा पत्रा मात्र भुशानं कोरून काढला होता, आणि रेघांच्या कडेला तर खोल चर पडलेले.

"कडकले सोडते आन बाजूच्याले पकडते," ती म्हणाली. "पूर्ण भरली तं?"

"पूर्ण भरली तं पत्रा वाकडा होते, तडे जातेत. टिकंन वर्षभर. मंग पुन्हा भर."

अल्काला ते पटलं, पण आवडलं नाही.

आता जे झालं ते माझ्या डोळ्यांदेखत झालं, म्हणून नीट सांगतो. बेंड उतरवला होता, मिल बंद होती. पाइप मोकळाच आहे तर पुढचाही साफ करून घेऊ म्हणून अल्का शिडी घेऊन भुसाघराकडे गेली. तिथं पाइपाला आणखी एक वळण आहे. पूर्वी पाइप सरळ जुन्या भुसाघरात जायचा. ते पडल्यावर शेठनी डावीकडे नवं बांधलं, तेव्हा सरळ वाट पत्रा ठोकून बंद केली आणि बाजूला भोक पाडून पाइप डावीकडे नेला. नीट बेंड बनवायलाही कुणाला वेळ नव्हता. ओबडधोबड काटकोन, आणि पुढे हातभर लांबीचं बंद टोक. मला तेव्हा मिलमध्ये अकरा वर्षं झाली होती. अकरा वर्षांत ते वळण एकदाही फुटलं नव्हतं, आणि ते का फुटत नाही हे माझ्या किंवा मिस्त्रींच्या डोक्यात कधी आलंच नाही. फुटणाऱ्याकडेच आमचं लक्ष.

अल्कानं बंद टोकाचा पत्रा काढला. आत भुसा ठासून भरलेला, पेंडेसारखा घट्ट. सळई घालून तिनं तो उकरला आणि मग एकदम हाक मारली.

"मनिरामभाऊ! वर या! लवकर या जी!"

मला वाटलं साप निघाला. मी वर चढलो. तिनं पत्र्याची आतली बाजू माझ्यासमोर धरली. त्यावर लाल रंग होता. पत्रा गंजू नये म्हणून नवेपणी जो लावतात तो लाल रंग, अकरा वर्षांपूर्वीचा, एक ओरखडा नाही.

"भुसा अठी पोचतच नाही," ती म्हणाली. तिचं बोट त्या लाल रंगावर फिरत होतं. "पयला भुसा जाऊन बसला कोपऱ्यात. मंग मागून येणारा त्याच्यावरच आदळून राह्यला. भुशावर भुसा. घासला तं कोण घासला? भुसाच. थोडा झिजला का दुसरा येऊन बसते. लोखंडाले हातच लागत नाही!"

मी शिडीवर उभा, ती शिडीवर उभी, आणि आम्ही दोघंही त्या लाल पत्र्याकडे पाहून वेड्यासारखे हसत होतो. खाली शेठ विचारत होते, "क्या हुआ? क्या मिला?"

खेमराज मिस्त्रींना सांगितलं तर ते आधी मानेनंच नाही म्हणाले. मिलच्या कोपऱ्यावरही गोल वळण सोडून काटकोन करायचा, आणि पुढे बंद डबा ठेवायचा, हे त्यांच्या चाळीस वर्षांच्या हाताला पटेना. मग ते शिडीवर चढले, लाल रंगावर नख ओढलं आणि उतरून म्हणाले, "कर. तुह्या हातानं कर. मी रॉड धरत नाही."

तिनं डबा केला, आणि मोठा केला. पाइपाच्या दुप्पट रुंद, चौकोनी, ऐसपैस. भुशाला बसायला जितकी जागा जास्त तितकं बरं, असा तिचा विचार. डबा चढवला, मिल सुरू केली. पाऊण तास उत्तम चाललं. मग ब्लोअरचा आवाज बदलला, जड झाला, दम लागल्यासारखा. मी बटणाकडे धावेपर्यंत पाइप गच्च भरला होता आणि मिलमध्ये गुडघाभर भुसा.

अल्कानं कोपऱ्यातला आपला जुना झाडू उचलला आणि झाडायला लागली. मीही फावडं घेतलं. शेठनी घमेलं घेतलं. तीन तास आम्ही भुसा उपसत होतो. त्या तीन तासांत तिचं डोकं काय काम करत होतं कुणास ठाऊक, कारण शेवटचं घमेलं टाकल्यावर ती मिस्त्रींना म्हणाली, "नदी रुंद झाली का पाणी हळू होते ना जी? रेती तठीच बसते."

"मंग?"

"डबा रुंद झाला, हवा हळू झाली. भुसा उचलाले जोर राह्यला नाही. तठल्या वळणात रुंदी पाइपाएवढीच आहे. मीनं ते पाहिलं होतं, पण ध्यानात घेतलं नाही."

दुसरा डबा पाइपाच्याच मापाचा झाला. बंद टोक फक्त वीतभर, आणि उघडून पाहता यावं म्हणून त्याला चार बोल्टांचं झाकण. राजदीपनं येऊन त्याला आतून बाहेरून लाल रंग दिला. त्याला हे सगळं फार गंभीर वाटत नव्हतं. त्यानं बाहेरच्या बाजूला एक छोटं कमळ काढलं. यावेळी खेमराज मिस्त्रींनीच शिडी धरली.

मिल सुरू झाली. पाऊण तास गेला. दोन तास गेले. ब्लोअरचा आवाज तोच. पंधरवडा गेला, तेव्हा मी दर तासाला कोपऱ्यावर जाऊन वर पाहू लागलो. महिना गेला, दोन गेले. दिवाळीनंतरचं सगळं धान निघालं, उन्हाळी धानही आलं. चैतरामभाऊंच्या मुलीचं लग्न त्याच अंगणात झालं आणि जेवणात भुसा पडला नाही. मुलीनं जाताना मिलकडे पाहून हात जोडले, असं चैतरामभाऊ सांगतात. मी तिथं होतो. ती माझ्याकडे पाहून हसली, एवढंच.

जूनमध्ये हंगाम संपल्यावर झाकण उघडायचं ठरलं. अल्का, मिस्त्री, मी आणि शेठ तर होतोच, सुशिलाबाईही "पाहू तं खरं" म्हणून आल्या. बोल्ट सुटले. ठासलेला भुसा अल्कानं सळईनं पाडला, फडक्यानं आतून पुसलं. झाकण लाल, डब्याच्या बाजू लाल. वळणानंतरच्या पाइपाच्या आतल्या बाजूचा मात्र हातभर पट्टा रंग जाऊन चकाकत होता. अल्कानं तिथं बोट फिरवलं, मग बोटानं ठोकून आवाज ऐकला.

"अठी थोडा घासला. वळल्यावर भुसा एकदा इकडे झोकांडी खाते. हा पट्टा हार्ड रॉडनं भरून देतो. कमी जागा आहे, वाकणार नाही."

"म्हणजे पूर्ण नाही जमलं?" शेठनी मराठीत विचारलं. ते फार गंभीर असले की मराठीत बोलत.

"वर्षाले एक दिवसाचं काम उरलं, जी."

शेठ मोठ्यानं हसले. "इसको नहीं जमा बोलते हैं तो भगवान करे मेरा कुछ न जमे!"

खेमराज मिस्त्री चष्मा लावून इतका वेळ आत पाहत राहिले की आम्हालाच शेवटी त्यांना खाली उतरवावं लागलं.

त्यानंतर बोलावणी सुरू झाली. आधी आजूबाजूच्या मिलांतून, मग आमगावकडून, मग सालेकशाहून. सालेकशाला तर माहेरची माणसं मिलच्या दारात उभी राहून पाहत होती. आता अल्का चाळिशीची आहे. वर्कशॉपातली जड कामं मिस्त्रींनी तिच्यावर सोपवली आहेत आणि स्वतः खुर्चीवर बसून चुका काढतात. तांदूळ घासून पांढरा करणाऱ्या पॉलिशरचा खरबरीत दगड नव्यानं भरण्याचं कामही ती करते. त्यात घासणारे कडक दाणे धरून ठेवणारा मसाला फार घट्ट झाला तर बोथट दाणे सुटत नाहीत आणि तांदूळ गरम होऊन तुटतो, सैल झाला तर दगडच लवकर संपतो. त्या मसाल्याचं माप ती कुणाला सांगत नाही. मलाही नाही.

मागच्या मार्चमध्ये तिला देवरीहून बोलावणं आलं. मला सुट्टी होती, मी सोबत गेलो. बसमधून उतरून मिलमध्ये पोहोचलो तर तिथला ऑपरेटर कैलाश माझ्याकडेच आला. "या मिस्त्री, या. चहा घेता?"

"मिस्त्री या," मी अल्काकडे बोट दाखवलं.

तो गडबडला. अल्का म्हणाली, "चहा घेतो ना भाऊ. पण पयले शिडी."

तिथला पाइप सरळ उभा वर जाऊन मग आडवा होत होता. तिनं वर जाऊन पाहिलं, उतरली आणि डबा लावायला चक्क नाही म्हणाली. कैलाशनं आमच्या डब्याचं नाव ऐकूनच बोलावलं होतं, त्याचा चेहरा पडला.

"तुमच्याकडे डब्याचं बंद टोक आभाळाकडे जाईन. मिल बंद झाली का भुसा खाली पडते, थांबतच नाही. आमच्याकडे आडवा होता म्हणून बसला. तुमच्या बेंडले मी जाड रबर लावून देतो, चिकटवून नाही, बोल्टानं कसून. दोन महिन्यांनी उघडून पाहा आन मले फोन करा."

काम दुपारी तीनपर्यंत आटोपलं. आम्ही निघायला उठलो तेव्हा कैलाशची बायको घरून आली. तिच्या हातात भाजी चिरायची पावशी होती. "बाई, हिची धार राहतच नाही. जरा पाहता का?" अल्कानं पिशवीतून कानस काढली, पात्यावर एकदा ओढली, आवाज ऐकला आणि मिलच्या पायरीवर बसली. तेवढ्यात शेजारची एक कुऱ्हाड आली. मग दोन विळे, एक कातर, आणि कुणाचा तरी फांद्या तोडायचा आकडा. ती प्रत्येकाला सांगत होती, हे कडक आहे पण दगडावर आपटू नका, हे मऊ आहे, याला पाणी द्यावं लागेल, पुढच्या वेळी आणा.

चारची बस समोरून निघून गेली. मी तिला दाखवली.

"दुसरी येईन ना जी," ती मान वर न करता म्हणाली.

दुसरी साडेपाचला आली. बरीच रिकामी होती, आम्हाला खिडकीजवळ जागा मिळाली.